एकशेवीसच्या पुढे गाडी भरकटते

त्या गाडीत मी अख्खं आयुष्य बसले, पण उजव्या बाजूला. डावीकडची, स्टिअरिंगसमोरची जागा माझ्या नवऱ्याची, ओटमारची. लग्नात अंगठी मिळाली, घराची किल्ली मिळाली, पुढे सासूबाईंच्या काकडीच्या लोणच्याच्या बरण्याही मिळाल्या, पण त्या गाडीचं स्टिअरिंग काही हाती लागलं नाही. "ती हळवी आहे, रोसले," म्हणायचा. माझं नाव रोस्विता. लाडात आला की रोसले. "आणि मी काय दगडाची आहे?" असं मी फणकाऱ्याने विचारायची. त्यावर हा नुसता हसायचा आणि किल्ली खिशात टाकायचा.

गाडी त्र्याहत्तर सालची. दोन दारं, बुटकी, मोहरीच्या रंगाची, इंजिन मागे. पहिल्या मालकाने झाडावर घातलेली होती. ओटमार तेव्हा मोटारींच्या कारखान्यात चाचणी विभागात होता. चाकं, स्टिअरिंग आणि त्यांना धरून ठेवणारे दांडे, हा त्याचा प्रांत. त्याने ती मोडकी गाडी आणली आणि दोन हिवाळे खपून उभी केली. त्या दोन हिवाळ्यांत मला नवरा दिसायचा तो पायांकडूनच, कारण बाकीचा गाडीखाली असायचा.

पण काय दिवस होते ते! उन्हाळ्यात ब्रेनरच्या घाटातून इटलीला, गार्डा तळ्यावर जायचो. पुढच्या डिकीत तंबू, स्टोव्ह आणि बटाट्यांची गोणी, कारण इटलीतले बटाटे माणसाने खाण्यासारखे नसतात असं सासूबाईंचं ठाम मत होतं. मागच्या चिमुकल्या सीटवर आमची आंके, तिच्या मांडीवर माझी हॅट. ओटमार दोन बोटांनी गाडी चालवायचा. खरंच, दोन बोटांनी. दुसरा हात खिडकीबाहेर. मी नकाशा धरून बसायची आणि हमखास चुकीचं वळण सांगायची, आणि तो म्हणायचा, "तुझ्यामुळे निदान नवीन गावं तरी बघायला मिळतात." तेव्हा मला राग यायचा. 

आंके मोठी झाली, हॅम्बुर्गला गेली. इटली सुटली. ओटमार निवृत्त झाला. राहिली ती रविवार सकाळची फेरी. गाडीची नंबरप्लेट एप्रिल ते ऑक्टोबरची, म्हणजे रस्त्यावर काढायची परवानगी तेवढ्याच महिन्यांची. हिवाळाभर बाईसाहेब गॅरेजमध्ये पांघरूण घेऊन झोपायच्या, आणि एप्रिल उजाडला की रविवारी सकाळी ओटमार तिला महामार्गावर न्यायचा. रविवारी ट्रकांना बंदी, त्यामुळे रस्ता मोकळा. घाट चढून पठारावर, तिथे वेगाची मर्यादा संपते, तिथून उल्म शहराच्या अलीकडपर्यंत आणि परत. जेवणाला बरोब्बर हजर. मी पूर्वी बरोबर जायची, पण अलीकडे गुडघ्यांमुळे त्या बुटक्या गाडीत शिरणं म्हणजे कपाटात शिरण्यासारखं झालं होतं, म्हणून घरीच थांबायची.

त्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या फेरीला हा गेला, आणि माझे बटाटे उकडायच्या आत परत आला. गाडी अंगणात लावली, इंजिन बंद केलं, आणि आतच बसून राहिला. मी जाऊन काचेवर टकटक केलं.

"काय रे? पेट्रोल भरायला विसरलास?"

"भरकटते," तो म्हणाला.

"कोण?"

"गाडी. एकशेवीसपर्यंत शहाण्यासारखी जाते. पुढे गेलं की भरकटते. जरा डावीकडे, मग जरा उजवीकडे. सारखं आवरत बसावं लागतं."

"मग शंभरने चालव की."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू रविवारचं मटण मांजरीला घाल म्हणाले होते.

आता मला या विद्येतलं काही कळत नाही असं समजू नका. इतकी वर्षं जेवणाच्या टेबलावर दुसरा विषयच नव्हता. गाडी एका बाजूला ओढत असेल तर दोष सोपा. कुठलं तरी एक चाक बिघडलेलं असतं. स्टिअरिंग हादरत असेल तर तोल बघायचा. पण भरकटणं हे असं दुखणं, ज्याला ठावठिकाणा नसतो. टायर असू शकतात, चाकांची दिशा असू शकते, झिजलेले जॉइंट असू शकतात, नाहीतर सगळंच थोडं थोडं. आणि कमी वेगात काही म्हणजे काही दिसत नाही. डॉक्टरकडे गेलं की दाढदुखी थांबते ना, तसं.

दुसऱ्या दिवशी झीगबेर्ट आला. हा ओटमारचा कारखान्यातला दोस्त, टकल्या, पोट सुटलेला, तोंडाचा फटकळ. शेजारच्या गावात त्याचं जुनं धान्याचं कोठार आहे. त्यात त्याने जमिनीत खड्डा खणलाय, खाली उतरून गाडीचं पोट बघता यावं म्हणून. बायको गेल्यापासून तो तिथेच असतो.

"काय म्हणते म्हातारी?" त्याने विचारलं.

"मी बरी आहे," मी म्हटलं.

"तुला कोण विचारतंय? गाडीबद्दल बोलतोय!"

दोघं हसले, मीही हसले. तेव्हा अजून सगळं मजेतच चाललं होतं.

ओटमारचा एक नियम होता. कारखान्यात त्याच्या हाताखालच्या पोरांना तो झोपेतही म्हणता यावा इतका पाठ असायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग रस्त्यावर जाऊन बघायचं, मगच दुसरी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी कदाचित सुधारेल, पण तुम्ही मूर्खच राहाल. दोष कशात होता ते कधी कळणार नाही. झीगबेर्टला हे पटायचं नाही. "अरे, आपण ऐंशीच्या घरात आलो. असं एकेक करत बसलो तर गाडी नीट होईल आणि आपण नसू," तो म्हणायचा. पण ओटमार ऐकतोय कुणाचं! रविवारशिवाय रस्ता मोकळा नाही, म्हणजे आठवड्याला एकच बदल. तो वसंत आणि अर्धा उन्हाळा असा गेला.

आधी हवा. हिवाळ्यात उभ्या गाडीचे टायर चपटे होऊ नयेत म्हणून आमच्याकडचे सगळेच शौकीन त्यांत ठासून हवा भरतात, आणि एप्रिलमध्ये निम्मे जण ती कमी करायला विसरतात. झीगबेर्टने पैज लावली की हेच आहे. नव्हतं. हवा बरोबर होती.

मग टायर. वरून नवेकोरे दिसत होते, नक्षीही शाबूत, पण झीगबेर्टने कडेवर छापलेलं सालाचं आकडं वाचलं आणि शीळ घातली. टायर झिजत नाहीत म्हणून आपण खूश असतो, आणि रबर आतून परवाच्या शिळ्या ब्रेझेल पावासारखं कडक होऊन जातं. नवे टायर आले. ओटमार रविवारी गेला, आला, म्हणाला, "गाडी मऊ चालते. पण भरकटते."

मग जॉइंट. यात माझं काम असायचं, पूर्वीपासूनचं. गाडी खड्ड्यावर उभी, इंजिन बंद, मी डावीकडच्या जागेवर. ओटमार खालून एकेका जॉइंटवर बोटं ठेवणार आणि मी स्टिअरिंग किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे हलवणार, म्हणजे कुठे ढिलाई असेल ती त्याच्या बोटांना कळावी. त्या गाडीतलं माझं ड्रायव्हिंग ते एवढंच.

"किंचित म्हटलं, रोसले! तू काय पीठ मळतेयस?"

"मग वर येऊन तूच हलव, आणि मी खाली झोपते!"

एक जॉइंट ढिला निघाला. बदलला. रविवार आला. "फरक आहे," ओटमार म्हणाला, आणि जेवताना बराच वेळ काट्याने बटाट्याचं सॅलड नुसतंच उकरत बसला. "पण भरकटते."

मग चाकांची दिशा. त्यासाठी आता लेझरची यंत्रं निघालीत, पण ओटमारचा विश्वास दोरीवर. गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, दोऱ्या ताणून बांधायच्या, गाडीला अगदी समांतर, आणि दोरीपासून चाकाची पुढची कड किती लांब, मागची कड किती लांब, ते पट्टीने मोजायचं. पुढची दोन्ही चाकं केसभर आत बघत असली की गाडी सरळ जाते. बाहेर बघायला लागली की तिला दहा वाटा फुटतात. हे काम आम्ही अंगणात केलं, तेही रविवारी दुपारी. रविवारी गाडी धुणं, ठोकाठोकी आमच्याकडे चालत नाही; इथे आवाज नाही, पाणी नाही, तरी शेजारणीने, फ्राउ केमलेने, पडद्याआडून डोळे वटारलेच. मी तिला हात हलवून दाखवला.

दोरीचं एक टोक माझ्या हातात होतं. ओटमार चाकाशी वाकून पट्टी धरून होता.

"दोरी हलवू नकोस," तो म्हणाला.

"मी हलवत नाहीये."

"हलतेय ना पण!"

"वारा असेल," मी म्हटलं. वारा नव्हता. समोर नाशपातीच्या झाडाचं पानही हलत नव्हतं. मी दोरीकडे पाहिलं, ती कडक ताणलेली, निश्चल. हलत होती ती पट्टी. पट्टी, पट्टीमागची बोटं, आणि बोटांमागचं मनगट.

ओटमारनेही ते पाहिलं असणार, कारण त्याने पट्टी दुसऱ्या हातात घेतली, आणि पहिला हात विजारीच्या खिशात घातला. मग म्हणाला, "हो, वाराच आहे."

माझ्या सासऱ्यांचे हात असेच सुरू झाले होते. आधी उजवा, मग दोन्ही. शेवटी शेवटी त्यांना कॉफी अर्धाच कप द्यायचो, तरी बशीत सांडायची, आणि ते शरमेने टेबलावरून उठून जायचे. ओटमार तेव्हा तिशीतला होता. एकदाच मला म्हणाला होता, "मला असं झालं तर मी काय करू गं? माझं सगळं हातांतच आहे." मी त्याला तेव्हा दटावलं होतं, असलं अभद्र बोलू नकोस म्हणून.

आणि त्या दुपारी, हातात दोरी धरून, मला सगळं उलगडलं. हा गेले कित्येक रविवार गाडीतला दोष शोधत नव्हता. गाडीत दोष असू दे, एवढंच मागत होता. गाडीत सापडला तर हात सुटले. गाडीत नाही सापडला तर हात. आणि हात असतील तर ओटमार काय करणार हे मला न सांगता ठाऊक होतं. जो माणूस सैल नटाची गाडी कुणाला कारखान्याच्या दाराबाहेर नेऊ द्यायचा नाही, तो स्वतःच्या कापऱ्या हातांना किल्ली देईल?

 मी, जिच्या तोंडाला अख्खं गाव टरकतं, ती गप्प बसले. चर्चमध्ये मी फक्त नाताळला जाते, पण त्या आठवड्यात भांडी घासताना मी देवाला म्हटलं, बाबा रे, त्या गाडीत काहीतरी मोडलेलं निघू दे. काहीही. महागातलं असलं तरी चालेल. आमच्या श्वाबियातली, पै पै जपणारी बाई देवाकडे असं मागते म्हणजे गोष्ट किती गंभीर असेल ते समजा.

आणि निघालं! दिशा ठीक करूनही भरकटणं जाईना, म्हणून झीगबेर्टने पुढच्या दांड्यांचे रबरी बुश काढले, तर एक चक्क चिरलेला. झीगबेर्टने तो खड्ड्यातून वर माझ्या हातात दिला. "हा घे तुझा चोर!" मी त्या काळ्या, तेलकट रबराच्या तुकड्याचा मुका घ्यायची बाकी होते. त्या शनिवारी मी घरचे माउलटाशे केले, मैद्याच्या घड्यांत मटणाचं आणि पालकाचं सारण भरून, सासूबाई करायच्या तसे. तिघांनी जेवून वाइनची बाटली संपवली. ओटमार आणि झीगबेर्टने कारखान्याच्या चाचणीच्या ट्रॅकवरच्या जुन्या गोष्टी काढल्या. पावसात गाडी गोल फिरून कुंपणाबाहेरच्या कोबीच्या शेतात कशी गेली, आणि शेतकऱ्याने दोघांना कोबी उचलायला कसं लावलं. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल. त्या दिवशी मी खदाखदा हसले.

रविवारी ओटमार गेला. मी खिडकीत उभी. तो आला, गाडी लावली, हळूच दार लावलं.

"बरीच बरी आहे," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "हात धुऊन येतो."

त्यानंतर स्टिअरिंगच्या पेटीतला खेळ कमी करायचा म्हणून त्याने स्क्रू आवळला. त्याने तर भलतंच झालं. चाकं वळली की वळलेलीच राहायला लागली. पुन्हा सैल केला. मागच्या चाकांचे बुश बदलले. मागच्या चाकांची दिशा बघितली. बेअरिंग बघितली. एकेक रविवार, एकेक गोष्ट.

जुलैत एकदा मी कोठारात त्यांची दुपारचं खाणं घेऊन गेले. ओटमार मागे नळावर गेला होता. झीगबेर्ट हलक्या आवाजात म्हणाला, "रोस्विता, आता या गाडीत बदलायला छप्पर तेवढं राहिलंय."

"मग छप्पर बदल!" मी त्याच्यावर खेकसले.

"ओरडू नकोस. मी काय म्हणतोय ते तुला कळतंय."

"मला काही कळत नाही. गाडी तुमच्या दोघांच्या ताब्यात आहे, तुम्ही दोघं तज्ज्ञ, आणि सहा महिने झाले तरी तुम्हाला एक साधा दोष सापडत नाही!" सहा महिने झाले नव्हते, पण रागात कोण मोजतंय. झीगबेर्टने पावाचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. त्याचे डोळे भरले होते. मग मलाही तिथे उभं राहवेना.

त्याच आठवड्यात, शनिवारी संध्याकाळी मी रस्ता झाडून आत आले. त्या आठवड्यात झाडलोटीची पाळी आमची होती. टेबलावर माझ्या बशीशेजारी गाडीची किल्ली ठेवलेली.

"हे काय?"

"उद्या तू चालव," ओटमार म्हणाला.

मी खुर्चीत बसले. इतकी वर्षं जे मागितलं ते बशीशेजारी पडलेलं, आणि मला त्याला हात लावायची भीती वाटत होती.

"मला माझी बाजारहाटाची छोटी गाडी बरी. माझे गुडघे..."

"रोसले, एकेक करून सगळं बदललं. एकच भाग बदलायचा राहिलाय." त्याने हात टेबलावर ठेवले. पहिल्यांदाच, माझ्यासमोर, उघडे. उजवा हात थरथरत होता, थोडासाच, फ्रिजवर ठेवलेला ग्लास थरथरतो तितका. "चालवणारा."

"झीगबेर्टला सांग ना. त्याला अनुभव आहे."

"झीगबेर्ट खोटं बोलेल. मला वाईट वाटू नये म्हणून सांगेल, अरे हो, भरकटते बुवा." तो हसला. "तू माझं मन राखायला आजवर एकदाही खोटं बोलली नाहीस. माझा आवडता स्वेटर तू माझ्यादेखत पोतेरं म्हणून वापरलास. तू खरं सांगशील."

"आणि मी भरकटते म्हणाले तर?"

"तर सोमवारी पुन्हा खड्ड्यात उतरेन. आनंदाने."

"आणि नाही म्हणाले तर?"

 त्याने पावाला लोणी लावायला घेतलं, मग सुरी खाली ठेवली. मी त्याच्या हातातून पाव घेतला आणि लोणी लावून दिला.

रविवारी सकाळी आकाश स्वच्छ होतं. वारा नाही, पाऊस नाही. निमित्त म्हणून कशावर बोट ठेवावं तर काही नव्हतं. ओटमार उजवीकडच्या दारापाशी गेला आणि तिथे क्षणभर घोटाळला, दार कसं उघडायचं ते विसरल्यासारखा. आत बसल्यावर पाय कुठे ठेवायचे ते त्याला कळेना.

"इथे असं बसतेस तू?" तो म्हणाला. "पुढे जागाच नाही."

"हे आज कळलं होय?"

पहिला गिअर डावीकडे खाली, हे मला पाठ होतं, पण क्लच इतका जड की अंगणातच गाडीने गचके खाल्ले. फ्राउ केमलेचा पडदा हलला.  घाट मी चौथ्या गिअरमध्येच चढले. मग पठार लागलं, मर्यादेचा फलक मागे पडला, समोर रिकामा, सरळ रस्ता.

"आता," ओटमार म्हणाला.

मी पाय दाबला. शंभर. एकशेदहा. मागे इंजिनाचा तो आवाज, जो मी आयुष्यभर मानेवर ऐकला होता, तो आता माझ्या पायाखालून निघत होता. एकशेवीस. एकशेतीस. मी स्टिअरिंग असं धरलं होतं की बोटं पांढरी पडली. मग हळूहळू पकड सैल केली, अजून सैल केली.

गाडी सरळ जात होती. सरळ म्हणजे किती सरळ! मी नुसती बोटं टेकवली होती. ना डावीकडे, ना उजवीकडे. नवे टायर, नवे जॉइंट, नवे बुश, दोरीने लावलेली चाकं. या दोघा म्हाताऱ्यांनी त्या गाडीचं सोनं केलं होतं.

ओटमार समोर बघत होता.  मी सांगायची वाट बघत होता.

आणि मी स्टिअरिंग हलवलं. किंचित डावीकडे. मग किंचित उजवीकडे. पीठ मळल्यासारखं नाही. अगदी जसं त्याने शिकवलं होतं तसं.

"भरकटते रे," मी म्हणाले. "हे बघ. बघ ना, कशी जातेय! झीगबेर्टला नीट दिसलंच नसेल. मला तर आवरत नाहीये."

 मी पुन्हा हलवलं.

"रोसले," तो म्हणाला, फार हळू. "गाडी भरकटते तेव्हा आधी पाठीला कळतं. हात नंतर हलतात. आत्ता आधी तुझी कोपरं हलली."

 "तुला काय कळतं तिकडे बसून!" मी म्हटलं. आवाज माझा मलाच फाटका वाटला.

"इथे बसून छान कळतं. सरळ धर."

मी सरळ धरलं. एकशेचाळीस झाले होते. गाडी पाण्यासारखी चालली होती. ओटमारने डोकं मागे टेकवून डोळे मिटले, पाठीने ऐकत असावा तसा, आणि कारखान्यात अहवाल देताना बोलायचा त्या आवाजात म्हणाला, "झालं. दोष सापडला."

मग मात्र मला रडू आवरेना. समोरचा रस्ता दिसेनासा झाला.

"रडत चालवायचं नाही," तो म्हणाला. "हा महामार्ग आहे. रडायचं असेल तर आधी उजवीकडची, हळू जाणाऱ्यांची लेन घे."

मी उजवीकडची लेन घेतली. वेग कमी केला. माझ्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि मी नाक ओढत होते, आणि तो आपला रुमाल काढून माझ्या नाकाला धरत होता, लहान पोराला धरावा तसा. रुमाल थरथरत होता. कुणीच तो वारा आहे असं म्हटलं नाही.

 मला वाटलं आता हा म्हणेल, पुढच्या फाट्यावरून घरी घे. त्याने खिडकीकडे तोंड वळवलं होतं. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, आणि खरं सांगते, बघायची माझी हिंमतही नव्हती.

"ते चर्च नवीन आहे का?" त्याने विचारलं.

"कुठलं?"

"ते. शेतांच्या पलीकडे, कांद्यासारखा हिरवा घुमट आहे ते."

चाळीस वर्षं हा माणूस या रस्त्याने जातोय.

"तीनशे वर्षं जुनं आहे ते, म्हाताऱ्या."

"अस्सं?" तो म्हणाला. मान वळवून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिला.  "बरं, आणि आता पुढे काय येतं?"

"पुढे दरी येते," मी म्हणाले, "आणि तिच्या तळाशी एक पाणचक्की आहे," आणि उल्म येईपर्यंत त्याला एकेक सांगत राहिले.